चार लाखांचा बेस : पैसे खांद्याला मिळतात की नुसते डोळ्यांना?

राम मारुती रोडवरची दिवाळी पहाट ज्याने पाहिलीय, त्याला गर्दी म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. नौपाड्यात त्या सकाळी नवे कुर्ते, साड्या, सेल्फी आणि मध्येच कुठेतरी स्टेजवर वाजणारा बँड. गाणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, गिटारवाल्याचे व्हिडिओ निघतात, ड्रमरला टाळ्या मिळतात. मागे कोपऱ्यात जाड तारांची लांबडी गिटार घेऊन एक जण उभा असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण तुमच्या छातीत जे धडधडतंय, त्यातला अर्धा वाटा त्याचा असतो.

त्या वाद्याचं नाव बेस गिटार. वाजवणारे नुसतं 'बेस' म्हणतात. साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलणारं हे वाद्य. त्याची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात हे काम टोनी वाझ करायचे. नाव अनेकांना ठाऊक नाही, पण त्या गाण्यांवर पाय मात्र सगळ्यांचे हलतात.

आता मुद्द्यावर येऊ. हा बेस साधारण चार किलोचा असतो. तो एका खांद्यावर टांगून दोन-तीन तास उभं राहायचं असतं. शिकाऊ बेस पंधरा-वीस हजारांत मिळतो, आणि परदेशातल्या छोट्या कारखान्यांत हाताने बनवलेले 'बुटीक' बेस काही लाखांत जातात. समजा, नौपाड्यातला एखादा वादक पाच-सहा वर्षं लग्नाचे, ऑर्केस्ट्राचे, कॉलेज फेस्टचे कार्यक्रम करून पैसे साठवतो आणि रोज रात्री मोबाईलवर असले बेस बघत बसतो. चकचकीत लाकूड, सोनेरी खुंट्या, लाटांसारखी नक्षी. त्याला पडलेला प्रश्न साधा आहे : एवढ्या पैशात नेमकं मिळतं काय?

उत्तर दोन शब्दांत द्यायचं तर आराम आणि बांधणी. गंमत अशी की फोटोत यातलं काहीच दिसत नाही. फोटोत दिसते ती नक्षी, आणि तिचा या दोन्हींशी जवळजवळ काहीच संबंध नसतो. म्हणून हे दोन्ही कसं तपासायचं आणि कोणत्या कंपन्या कशासाठी ओळखल्या जातात, ते नीट समजून घेऊ.

बुटीक म्हणजे नेमकं काय?

हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही, आधी मिरजेला जाऊ. मिरजेत तंबोरा बनवणारी घराणी आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा भोपळा येतो, तो वाळवला जातो, कापला जातो आणि गाणाऱ्याच्या गरजेप्रमाणे वाद्य घडतं. पुरुषांचा तंबोरा मोठा, बायकांचा लहान, कारण स्वर वेगळा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. गिऱ्हाईक सांगतं, कारागीर ऐकतो आणि मग वाद्य बनतं. याच पद्धतीला गिटारच्या दुनियेत 'बुटीक' म्हणतात.

बेस गिटारचा प्रवास मात्र उलटा झाला. तंबोरा आधीपासूनच कारागिराच्या हातचा होता, बेस जन्माला आला तो कारखान्यात. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. त्याआधी हे काम माणसाएवढ्या उंच डबल बेसवर व्हायचं. फेंडरने ते गळ्यात अडकवता येईल असं केलं आणि फ्रेट बसवून सूर अचूक केला, म्हणून नाव प्रिसिजन. त्या पहिल्या बेसची बॉडी सपाट फळीसारखी होती, कडा बरगडीत टोचायच्या. १९५४ मध्ये त्या कडा घासून गोल केल्या गेल्या. म्हणजे आरामाचा विचार पहिल्या तीन वर्षांतच सुरू झाला होता. १९६० मध्ये आलेल्या 'जाझ बेस'ची नेक सुरुवातीला आणखी अरुंद केली गेली.

१९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच अलेम्बिक या छोट्या कंपनीने जेफरसन एअरप्लेन बँडच्या जॅक कॅसडीसाठी एक बेस बनवला. महागडी लाकडं थरांनी जोडलेली, आत बॅटरीवर चालणारं इलेक्ट्रॉनिक्स. बुटीक बेसची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवू. बुटीक हे काही सरकारी प्रमाणपत्र नाही. कुणीही आपल्या वाद्याला बुटीक म्हणू शकतं. त्यामुळे नावावर न जाता वस्तू तपासणं भाग आहे.

आराम : चार गोष्टी, चारही मोजता येतात

'हातात घेतल्यावर भारी वाटतो' हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. पण भारी वाटणं म्हणजे काय, याची फोड करता येते.

*पहिली गोष्ट, वजन.* चांगला बेस साडेतीन ते साडेचार किलोच्या मधे असतो. चार किलोच्या आत असेल तर बहुतेकांचा खांदा तक्रार करत नाही. साडेचारच्या वर गेला की तिसऱ्या तासाला मान आणि पाठ बोलायला लागतात. प्रवासाच्या बॅगा मोजायचा जो हाताचा काटा मिळतो, तो खिशात ठेवून दुकानात जा. विक्रेता हसेल, हसू दे.

*दुसरी गोष्ट, तोल.* वजनापेक्षाही हा मुद्दा महत्त्वाचा, आणि याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. बेसची नेक लांब असते आणि तिच्या टोकाला चार-पाच धातूच्या खुंट्या असतात. पट्टा जिथे अडकतो तो बिंदू जर फार मागे असेल, तर हात सोडल्याबरोबर नेक जमिनीकडे झुकते. वाजवणारा मग नकळत डाव्या हाताने ती उचलून धरतो. म्हणजे ज्या हाताने सूर दाबायचे, तोच हात हमालीही करतो. तीन किलोचा झुकणारा बेस चार किलोच्या तोललेल्या बेसपेक्षा जास्त दमवतो.

यावर उपाय जुना आहे : बॉडीचं वरचं शिंग लांब करायचं, म्हणजे पट्ट्याची कडी साधारण बाराव्या फ्रेटच्या समोर येते. दुसरा उपाय, हलक्या धातूच्या खुंट्या. तिसरा, खुंट्यांचं डोकंच काढून टाकायचं. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गरने कार्बनचा, बिनडोक्याचा, छोट्या चौकोनी बॉडीचा बेस आणला तो याच विचारातून.

*तिसरी गोष्ट, नेक.* जुन्या प्रिसिजनची नेक वरच्या टोकाला, म्हणजे नटपाशी, साधारण ४४ मिलिमीटर रुंद आणि जाझ बेसची ३८ मिलिमीटर. फक्त सहा मिलिमीटरचा फरक, पण लहान पंजाच्या माणसाला हे म्हणजे दोन वेगळी वाद्यं वाटतात. ब्रिजपाशी दोन तारांमधलं अंतर किती, हेही बघा. १९ मिलिमीटर हे नेहमीचं माप. अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्यांना ते मोकळं वाटतं. पाच-सहा तारांच्या बेसमध्ये काही कारागीर ते कमी करतात, म्हणजे नेक आटोक्यात राहते. नेकची पाठ कशी आहे, तेही हात फिरवून बघा. जाड गोल, चपटी, की एका बाजूला थोडी उतरती? उतरती नेक अमेरिकी कारागीर मायकल टोबायस यांच्या बेसवर हमखास सापडते.

*चौथी गोष्ट, लांबी.* नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीला स्केल म्हणतात. नेहमीचं स्केल ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटरच्या आसपास. स्केल लांब केलं की जाड तार जास्त ताठ आणि स्वच्छ बोलते, पण पहिल्या फ्रेटपर्यंत हात ताणावा लागतो. ३० इंचांचा छोटा बेस हाताला सोपा, पण सगळ्यात खालचा सूर थोडा सैल वाटू शकतो.

छोटा बेस म्हणजे पोरांचा बेस, असं आपल्याकडे अजून समजलं जातं. तर ऐका. जगातल्या नावाजलेल्या बेसवादकांपैकी एक, स्टॅन्ली क्लार्क. चांगला उंचापुरा माणूस, डबल बेसही वाजवणारा. त्याच्या नावाचा अलेम्बिक बेस पावणे एकतीस इंचांचाच आहे. दुसऱ्या टोकाला अँथनी जॅक्सन. त्याच्याच सांगण्यावरून १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन यांनी सहा तारांचा बेस बनवला. पुढे फोडेरा कंपनीने त्याच्यासाठी ३६ इंचांचे सहा तारांचे बेस बनवले. एवढं मोठं वाद्य तो वाजवायचा ते बसून. आराम हा असा ज्याच्या त्याच्या अंगाचा प्रश्न आहे. महाग बेस आपोआप आरामदायक होत नाही. तो तुमच्या मापाचा असेल तरच होतो.

बांधणी : नक्षी सोडा, सांधे बघा

घर घेताना जाणकार माणूस रंग बघत नाही, भिंतीची ओल बघतो. बेसचंही तसंच.

*नेक आणि बॉडीचा सांधा.* दोन मुख्य प्रकार आहेत. एकात नेक स्क्रूने बॉडीला बसवतात, दुसऱ्यात नेकचं लाकूड बॉडीच्या आरपार जातं. आरपार असलेला बेस दिसायला एकसंध आणि वरच्या फ्रेटपर्यंत हात सहज जाणारा. पण नेक बिघडली तर बदलणं जवळजवळ अशक्य. स्क्रूचा बेस ऐकायला साधा वाटतो, पण दुरुस्तीला सोपा आणि सांधा घट्ट असेल तर कुठेही कमी नाही. स्क्रूच्या बेसमध्ये नेक आणि बॉडीच्या फटीत कागद सरकतो का, ते बघा. सरकत असेल तर किंमत कितीही असो, काम ढिलं आहे.

*नेकचं लाकूड.* चार तारांचा मिळून नेकवर सत्तर-ऐंशी किलोचा ताण असतो. तोही चोवीस तास, तुम्ही झोपलेले असतानाही. एखादा धडधाकट माणूस वर्षानुवर्षं लोंबकळत राहावा तसा. त्याला तोंड द्यायला नेकच्या आत पोलादी सळी असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. चांगले कारागीर त्याच्या जोडीला कार्बनच्या दोन पट्ट्या घालतात आणि नेक तीन, पाच किंवा सात थरांची करतात. थरांचे रेषे उलटसुलट ठेवले की एक थर वळायला लागला तर दुसरा त्याला अडवतो. बुटीक बेसची किंमत जिथे खरोखर वसूल होते ती ही जागा, आणि तीच फोटोत दिसत नाही.

*फ्रेट.* फ्रेटच्या कडांवरून बोट फिरवा. करवतीसारखं लागलं तर नको. फ्रेट बहुधा निकेल सिल्व्हरचे असतात. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. महागड्या बेसवर स्टेनलेस स्टीलचे फ्रेट मिळतात. ते झिजत नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि घामाला दाद देत नाहीत.

*फ्रेटबोर्डचं लाकूड.* यात आपल्या अभिमानाची एक गोष्ट आहे. जगभरातल्या हजारो गिटारांवर जे 'इंडियन रोझवुड' असतं, ते आपलं शिसव. ब्राझीलच्या रोझवुडच्या व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आहे. २०१७ पासून त्या कुळातल्या सगळ्याच लाकडांवर आंतरराष्ट्रीय कागदपत्रांची अट आली आणि वाद्यं पाठवणाऱ्यांची तारांबळ उडाली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ब्राझीलच्या रोझवुडला नाही. म्हणून जुना बेस परदेशातून मागवणार असाल तर लाकूड कोणतं, हे आधी विचारा.

*इलेक्ट्रॉनिक्स.* बुटीक बेस बहुतेक वेळा 'ॲक्टिव्ह' असतात, म्हणजे आत ९ व्होल्टची बॅटरी आणि आवाज घडवणारं सर्किट. दोन गोष्टी तपासा. बॅटरी संपली तर बेस साध्या पद्धतीने वाजत राहतो का? आणि मागचं झाकण उघडल्यावर आतला खड्डा तांब्याच्या पत्र्याने किंवा काळ्या रंगाने झाकलेला आहे का? ते कवच नसेल तर मंडपातल्या लाइटिंगची घरघर स्पीकरमधून ऐकू येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि बेसचा सगळ्यात खालचा सूर ४१ चा. म्हणजे ती घरघर थेट तुमच्याच गल्लीत येऊन बसते.

कोणाचा बेस कशासाठी?

आता नावांकडे वळू. हा क्रमांकांचा तक्ता नाही. कोण कोणत्या गोष्टीसाठी ओळखलं जातं, एवढंच.

*सॅडोस्की.* रॉजर सॅडोस्की यांनी १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काम सुरू केलं, आणि मार्कस मिलरच्या १९७७ च्या जाझ बेसवर त्यांनी केलेलं काम गाजलं. त्यांचे बेस दिसायला फेंडरसारखेच, पण बऱ्याच मॉडेलांत बॉडी आतून पोकळ कप्प्यांची, म्हणून हलकी. रात्र-रात्र उभं राहून वाजवणाऱ्यांची ही आवडती निवड. २०२० पासून त्यांची मेट्रोलाइन ही मालिका जर्मनीत वॉरविकच्या कारखान्यात बनते.

*फोडेरा.* विनी फोडेरा आणि जोई लॉरिसेला यांनी १९८३ मध्ये ब्रुकलिनमध्ये सुरू केलेली कंपनी. व्हिक्टर वूटनमुळे जगभर पोहोचली. फ्रेटचं काम आणि सांधे यांची सफाई हीच तिची ओळख. मागणीप्रमाणे बनवून घेतलेल्या बेसची किंमत दहा हजार डॉलरच्या पुढे जाते.

*अलेम्बिक.* थरांचं लाकूड, आरपार नेक, स्वच्छ आवाज. पण जड. घेण्याआधी वजनाचा आकडा लेखी मागा.

*स्पेक्टर आणि वॉरविक.* १९७७ मध्ये नेड स्टाइनबर्गरने स्टुअर्ट स्पेक्टरसाठी एक बॉडी आखली, पुढून फुगीर आणि मागून खोलगट. पोटाला अशी बसते की जणू मापाने शिवली. १९८२ मध्ये सुरू झालेल्या जर्मन वॉरविकचं स्ट्रीमर मॉडेल त्याच वळणाचं. वॉरविकची लाकडं कठीण, बांधणी दणकट. पण त्यांचं थंब नावाचं मॉडेल जड आणि नेककडे झुकणारं म्हणून प्रसिद्ध आहे. आवाजासाठी लोक ते सहन करतात.

*डिंगवॉल.* कॅनडातल्या सास्काटून गावची कंपनी. यांचे फ्रेट पंख्यासारखे तिरपे. जाड तारेला ३७ इंच, बारीक तारेला ३४. बघून वाटतं की हे वाजवायचं कसं, पण मनगट नैसर्गिकपणे ज्या कोनात वळतं, फ्रेट जवळपास त्याच कोनात असतात. पाचवी जाड तार सेकंदाला ३१ वेळा थरथरते, ती इथे गढूळ होत नाही. हात आखूड असेल तर मात्र पहिल्या फ्रेटवर ताण पडतो. त्यांच्या स्वस्त मालिका चीनमध्ये बनतात.

*मायोनेस.* नाव वाचून सँडविच आठवलं तर दोष तुमचा नाही. पोलंडमधल्या गदान्स्क शहराची १९८२ पासूनची कंपनी. मुंबईची बेसवादक मोहिनी डे अनेक वर्षं यांचे बेस वाजवताना दिसली, म्हणून आपल्याकडे हे नाव पोहोचलं. थरांच्या नेक आणि फिनिशिंग ही यांची जमेची बाजू.

बघा, या यादीत 'सगळ्यात चांगला' असा कुणीच नाही. हलका हवा तर एक, लांब हवा तर दुसरा, अंगाला चिकटून बसणारा हवा तर तिसरा.

नौपाड्याचा जुलै ही खरी परीक्षा

ब्रुकलिन किंवा गदान्स्कमध्ये बनलेला बेस ठाण्यात आला की पहिल्या पावसाळ्यात त्याची परीक्षा होते. जुलैमध्ये आपल्या हवेतली आर्द्रता कायम ऐंशी टक्क्यांच्या पुढे असते. कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते ती उगाच नाही. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि आडवं फुगतं. नेकचा बाक बदलतो, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात किंवा फ्रेटला घासून किरकिरतात.

मग हिवाळा येतो, किंवा एखाद्याच्या खोलीत रात्रभर एसी चालतो. आता उलटं होतं. लाकूड सुकतं, आक्रसतं. फ्रेट धातूचे, ते आक्रसत नाहीत. म्हणून त्यांची टोकं नेकच्या कडेला बाहेर येतात आणि हाताला टोचतात. एसीच्या खोलीतून थेट मंडपात आणि मंडपातून परत, हे चक्र लाकडाला नुसत्या पावसापेक्षाही जास्त त्रास देतं.

थरांची नेक, कार्बनच्या पट्ट्या, भाजलेलं मेपल लाकूड आणि स्टीलचे फ्रेट या गोष्टी आपल्यासाठी चैनीच्या नाहीत, गरजेच्या आहेत. भाजलेलं म्हणजे भट्टीत कमी ऑक्सिजनमध्ये तापवलेलं लाकूड. ते नंतर ओलावा कमी पितं. उलट, फक्त तेल लावलेली उघडी बॉडी फोटोत राजेशाही दिसते, हाताला छान लागते, पण आपल्या घामाला आणि दमटपणाला तिची निगा सतत राखावी लागते. वर्षातून दोनदा तेल लावायचा कंटाळा येणार असेल तर पॉलिशचा बेस घ्या.

ट्रस रॉडची चावी कुठे लागते, हेही विचारा. काही बेसमध्ये ती सहज फिरवता येते, काहींत त्यासाठी नेक सोडवावी लागते. आपल्या हवामानात वर्षातून दोनदा तरी ती फिरवायची वेळ येते. फिरवायची ती एका वेळी पाव वळसाच, आणि जड लागली तर थांबायचं.

आणखी एक आपली स्थानिक परीक्षा आहे : ठाणे स्टेशन. बेस साधारण पावणेचार फूट लांब असतो. भक्कम पेटीत घातला तर वजन दुप्पट होतं. ती पेटी घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढणं काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. नियमित लोकलने जाणार असाल तर बिनडोक्याचा किंवा आखूड बेस आणि जाड गादीची पाठीवरची बॅग, हा आरामाचाच भाग धरा.

दुकानातली वीस मिनिटं

पाच मिनिटांत सगळेच बेस आवडतात. म्हणून घाई न करता हे करा.

१. आधी काट्यावर वजन करा. आकडा लिहून ठेवा.

२. रोजच्या उंचीला पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. नेक झुकते का बघा. पट्टा तीन इंच तरी रुंद हवा, नाहीतर दोष बेसचा की पट्ट्याचा हे कळणार नाही.

३. बसून वाजवा, मग उभं राहून. डावं मनगट कुठे जास्त वाकतं ते बघा. बेस गुडघ्यापर्यंत लोंबता ठेवणं स्टेजवर रुबाबदार दिसतं, पण मनगट काटकोनात वळतं.

४. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, एका व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. खूप जास्त असेल किंवा अजिबात नसेल तर चावी फिरवून सुधारते का, तिथेच करून दाखवायला सांगा.

५. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवा. कंटाळवाणं आहे, पण कराच. एखादा सूर लगेच मरतो का ऐका. पातळ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास हे बऱ्याच बेसवर होतं. महागड्यावर झालं तर सोडून द्या.

६. ॲम्प लावायच्या आधी बेस नुसता वाजवा आणि बॉडीला हात लावा. थरथर हाताला जाणवली पाहिजे.

७. पंधरा मिनिटं सलग उभं राहून वाजवा. खांदा, मनगट, पाठ. तिघांचं मत घ्या.

परदेशातून मागवत असाल तर यातलं काहीच करता येत नाही. तेव्हा वजन, नटची रुंदी, तारांमधलं अंतर आणि स्केल हे चार आकडे लेखी मागा आणि ओळखीच्या कुणाच्या त्याच मापाच्या बेसवर हात बसवून बघा. किमतीवर वाहतूक, आयात शुल्क आणि जीएसटी चढतो. आवडला नाही तर परत पाठवण्याचा खर्चही तुमचाच. मागणीप्रमाणे बनवलेला बेस तर बहुतेक वेळा परतच घेत नाहीत.

मग घ्यायचा की नाही?

आधी एक स्वस्त प्रयोग करा. हातात जो बेस आहे, तो चांगल्या कारागिराकडून नीट लावून घ्या. नेकचा बाक, तारांची उंची, नटच्या खाचा, फ्रेटच्या कडा. याला सेटअप म्हणतात. सेटअपचा खर्च नव्या बेसच्या तुलनेत किरकोळ असतो. जोडीला रुंद, गादीचा पट्टा घ्या. अनेकांची निम्मी तक्रार इथेच संपते. कारखान्यातून आलेले पंचवीस-तीस हजारांचे कित्येक बेस नुसत्या सेटअपअभावी 'हाताला जड' ठरलेले असतात.

त्यानंतरही नेक झुकतच असेल, वजन बदलत नसेल, दर पावसाळ्यात बाक बिघडत असेल, तर तुमचा प्रश्न खरा आहे आणि चांगल्या बांधणीच्या बेसवर खर्च करण्यात अर्थ आहे. आणि बोटांना मुंग्या येत असतील, पंजा बधिर होत असेल, रात्री मनगट दुखून जाग येत असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. नवा बेस हे त्याचं औषध नाही. वादकाचा हात गेला तर बेस कितीही लाखांचा असो, वाजवणार कोण?

बजेट कमी पडत असेल तर नक्षीवर काट मारा. वरचा रंगीत लाकडाचा थर, सोनेरी खुंट्या, फ्रेटबोर्डवरची शिंपल्यांची वेलबुट्टी. हे सगळं काढून टाकलं तरी बेस तितकाच आरामदायक आणि तितकाच मजबूत राहतो. थरांची नेक, कार्बनच्या पट्ट्या, स्टीलचे फ्रेट आणि तोल यावर मात्र तडजोड नको.

पुढच्या दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर गेलात तर एकदा कोपऱ्यातल्या त्या वादकाकडे बघा. दोन गाण्यांच्या मधे तो डावा हात झटकतोय का, पट्टा सारखा खांद्यावर सरकवतोय का? तसं असेल तर त्याच्या बेसची किंमत काहीही असो, तो त्याच्या मापाचा नाही. आणि शेवटच्या गाण्यापर्यंत तो जागचा न हलता, सैल खांद्यांनी वाजवत असेल, तर त्याला बेस निवडता आला आहे, मग तो वीस हजारांचा का असेना.